न खाल्लेल्या लसणाचा वास

शिरीष खांबेटेला मी गेली चौदा वर्षं ओळखतो. आम्ही दोघं आइंडहोवनच्या एका कारखान्यात नोकरीला आहोत; तिथे चिप बनवणाऱ्या मशीनचे सुटे भाग तयार होतात. मी सॉफ्टवेअर बघतो, शिरीष स्वच्छता बघतो. स्वच्छता म्हणजे केरवारे नव्हे. त्याच्या क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालूनच जाता येतं, आणि हवेत धुळीचे चार कण जास्त निघाले तर हा घरी जाऊन नीट जेवत नाही. धातूवर बोटाचा ठसा नको, ओलावा नको आणि गंज तर नकोच नको.

माणूस सज्जन. सांगलीचा, उंच, किडकिडीत, पन्नाशीला टेकलेला. दोष एकच: जे शेवटचं वाचलं असेल ते त्याला पूर्ण पटलेलं असतं. एका वर्षी त्याने तांब्याच्या भांड्यातलं पाणी धरलं. पुढच्या वर्षी सांगलीहून लोखंडी कढई हातसामानातून आणली. विमानतळावरच्या लोकांनी ती एक्स-रेमधून तीनदा फिरवली आणि चौथ्यांदा वास घेऊन पाहिला. त्यानंतरच्या वर्षी चुंबकाचं कडं. ते घालून तो ऑफिसच्या फ्रिजमधून दूध काढायला गेला आणि दारालाच चिकटला. सोडवायला मी आणि आणखी एक जण लागलो.

त्याची बायको सुनेत्रा. मी तिला वहिनी म्हणतो. ती नवऱ्याच्या व्हिसावर आली, नेटाने डच शिकली, आणि आता घरी मसाले करून विकते. तिच्या नाकाला इथल्या मराठी मंडळात मान आहे. बरणीचं झाकण न उघडता ती सांगते, ‘धणे जरा जास्त भाजलेत.’ मुलगी कीर्ती सतरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते डचमधून, आणि तेही खांदे उडवून.

तर झालं असं, की एप्रिलमध्ये शिरीषच्या सायकलची साखळी तुटली. सायकल बारा वर्षांची, रोज पावसात उभी राहणारी. दुकानदाराने साखळी हातात घेतली, लाल भुकटी टेबलावर झटकली आणि म्हणाला, ‘गंज. काय करणार, साहेब? सगळंच गंजतं. तुम्हीपण गंजताय, मीपण गंजतोय.’

दुकानदार हे बोलून चहा प्यायला आत गेला. शिरीष मात्र तिथेच उभा राहिला. ज्या माणसाने पंचवीस वर्षं दुसऱ्यांचा गंज रोखला, त्याला कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलं होतं की तू स्वतः गंजतोयस.

आठवड्याभरात त्याने त्या विषयावर सापडेल ते वाचून काढलं आणि जेवणाच्या सुट्टीत मला समोर बसवून सांगितलं.

‘नरेंद्र, आपण जगतो म्हणजे काय करतो? ऑक्सिजन वापरून अन्न जाळतो. जाळलं की ठिणग्या उडणारच. त्या ठिणग्या म्हणजे फ्री रॅडिकल्स. त्या पेशींना चटके देतात. चटके फार झाले की त्याला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हृदयविकार, मधुमेह, मोतीबिंदू, सगळीकडे त्याचं नाव येतं.’

‘मग आता?’ मी विचारलं. माझी पोळी थंड होत होती.

‘शरीरात या ठिणग्या विझवणारे बंब असतात. एन्झाइम. पण त्यांना चालायला धातू लागतात, अगदी चिमूटभर. कुणाला जस्त, कुणाला तांबं, कुणाला मँगनीज. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेलेनियम. युरोपातल्या मातीत ते कमी आहे. म्हणजे आपण सगळे इथे बंबाशिवाय बसलोय!’

त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आग लागल्याच्या बेलकडे पाहिलं.

उपायही त्याने शोधला होता. ब्राझील नट. दुसऱ्या कुठल्याही खाण्यात नसेल एवढं सेलेनियम त्यात असतं. शनिवारच्या बाजारात सुक्या मेव्याची गाडी लागते, तिथून तो दर पंधरवड्याला दोन किलो आणायला लागला. लेखात लिहिलं होतं, ‘रोज एक किंवा दोन पुरे.’ शिरीषने विचार केला, की हे तरुण माणसासाठी असणार. आपण पन्नास वर्षांचा गंज काढायचाय. त्याने सकाळी सात, दुपारी सात, संध्याकाळी सात असा क्रम लावला.

हे घरी सांगायची सोय नव्हती. चुंबकाच्या कड्यानंतर वहिनीने त्याला बजावलं होतं, ‘यापुढे एक जरी खूळ घरात आणलंत, तर तुम्हाला त्या कढईत बसवून परत पाठवीन.’ म्हणून नट ऑफिसच्या खणात राहिले, आणि थोडे सायकलच्या पिशवीत, पंक्चरच्या सामानाखाली.

मे गेला, जून गेला. जुलैत कांदेनवमी आली. वहिनी दरवर्षी चातुर्मास पाळते. चार महिने कांदा-लसूण बंद. त्याआधी नवमीला त्यांच्याकडे कांद्याची भजी, लसणाची चटणी, भरली वांगी असा बेत असतो आणि आम्ही सगळे जातो. या वर्षी अकरावं भजं खाताना शिरीषला उमाळा आला आणि त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘सुनेत्रा, या वर्षी मीही पाळणार!’

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भज्याचं असेल, पण आलं.

आठ-दहा दिवस बरे गेले. घरातला कांदा-लसणाचा वास पार निघून गेला. मग एका सकाळी शिरीष चहा घेताना म्हणाला, ‘आज हवा छान आहे हं,’ आणि वहिनीने कप खाली ठेवला.

‘हा करा.’

‘काय?’

‘तोंड उघडा आणि हा करा.’

त्याने केलं. वहिनी दोन पावलं मागे गेली. ‘लसूण!’

‘अगं, शप्पथ नाही खाल्ला!’

‘कीर्ती, इकडे ये. बाबांचा वास घे.’

कीर्तीने कानातला एक इअरबड काढला, लांबूनच हुंगलं, डचमधून ‘क्नोफ्लोक’ म्हणजे लसूण एवढाच निकाल दिला आणि इअरबड परत कानात घातला.

आता शिरीषने लसूण खरंच खाल्ला नव्हता. पण त्याच्या पोटात सकाळचे सात नट होते आणि ते त्याने लपवले होते, त्यामुळे चेहरा मात्र चोराचा झाला. वहिनीने तो चेहरा पाहिला आणि तिची खात्रीच पटली. लसणाचं तिला तितकं वाईट वाटलं नाही. शपथ मोडून वर खोटं बोलल्याचं वाटलं.

त्या दिवसापासून तिने तपास सुरू केला. पहिला फोन मला.

‘भावजी, खरं सांगा. दुपारी हे काय खातात?’

‘वहिनी, तुमचाच डबा. दुधी असतो, पडवळ असतं. मी साक्षीला आहे.’

‘मग वास कुठून येतो?’

‘वास येतो खरा,’ मी म्हणालो, कारण खोटं तरी किती बोलणार. ‘मीटिंगमध्ये लोक खिडक्या उघडतात. आमच्या खिडक्या उघडत नाहीत, तरी उघडायला जातात.’

नटांचं मला माहीत होतं. पण नट आणि लसूण यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही, कुणाच्याच आला नसता. शिवाय शिरीषने मला गप्प राहायची शपथ घातली होती.

मग वहिनी स्टेशनजवळच्या तुर्की दुकानात गेली. तिथे तळलेल्या बटाट्यांवर मांस, चीज आणि वरून लसणाचा पांढरा सॉस असा पदार्थ मिळतो. तिचा संशय त्यावर होता. तिने फोनवरचा नवऱ्याचा फोटो मालकाला दाखवला आणि डचमध्ये विचारलं, ‘हा माणूस इथे येतो का?’

मालकाने फोटो मोठा करून नीट पाहिला. ‘नाही, बाई. काय केलं यानं?’

‘लसूण खाल्ला.’

 मालकाने बायकोला आतून बोलावलं, तिलाही फोटो दाखवला, आणि ती म्हणाली, ‘किती वाळलाय बिचारा! याला खाऊ द्या की हो.’ वहिनीला त्यांनी पैसे न घेता पुदिन्याचा चहा पाजला.

इकडे ऑफिसात वेगळीच पंचाईत. क्लीनरूमच्या दारावर एक पाटी आहे: अत्तर नको, आत जाण्याआधी अर्धा तास सिगरेट नको, आदल्या दिवशी लसूण नको. तिसरं कलम शिरीषने स्वतः घातलं होतं, तेही मुख्यतः आमच्या टीम लीडर योस्टसाठी, कारण योस्टला लसणाचा पाव आवडतो. ऑगस्टमध्ये एका सोमवारी कपडे बदलायच्या खोलीत योस्ट त्याच्या शेजारी उभा राहिला. डच माणूस आडून बोलत नाही.

‘शिरीष, तुझ्या तोंडाला लसणाचा वास येतोय. खूप.’

‘मी महिनाभर लसणाला हात लावलेला नाही.’

‘असेल. पण येतोय.’ योस्टने पाटीकडे बोट केलं. ‘नियम कुणाचा?’

‘माझा,’ शिरीष म्हणाला. ज्या खोलीचा तो राजा होता, तिच्या काचेबाहेर त्या दिवसापासून त्याला बसवलं. तो काचेला हात टेकवून आत बघायचा, आणि मग काचेवर ठसे पडले म्हणून स्वतःच पुसायचा.

एवढ्यावरच थांबलं नव्हतं. केस गळायला लागले होते. नखांवर पांढरे आडवे पट्टे आले आणि कडा पापुद्र्यासारख्या तुटायला लागल्या. तोंडाला सतत नाणं चघळल्यासारखी चव. चिडचिड इतकी, की त्याने प्रिंटरशी भांडण केलं. मी म्हटलं, ‘अरे, डॉक्टरकडे जा.’ तो म्हणाला, ‘हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस! बंब कमी पडतायत.’ आणि त्याने सातचे नऊ केले.

मग गणपती आले.

आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. या वर्षी यजमानपण खांबेट्यांकडे होतं, नैवेद्यही वहिनीने केला होता: एकवीस मोदक, वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. पूजा सांगायला श्रीधरपंत. ते आठवडाभर एका बँकेचे सर्व्हर सांभाळतात आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसतात. अतिशय कडक माणूस.

शिरीष पाटावर बसला. श्रीधरपंत समोर, हातभर अंतरावर.

‘म्हणा, केशवाय नमः.’

‘केशवाऽय नमः,’ शिरीष मनापासून म्हणाला. श्रीधरपंतांच्या नाकपुड्या हलल्या.

‘नारायणाय नमः.’

‘नारायणाऽय नमः.’ श्रीधरपंत मागे सरकले.

‘माधवाय नमः,’ हे त्यांनी उपरण्यातून सांगितलं. शिरीषने तेही म्हटलं. श्रीधरपंतांनी पळी ताम्हनात ठेवली, आणि माईक चालू आहे हे विसरून विचारलं, ‘नैवेद्यात लसूण कुणी घातला?’

हॉलमध्ये दीडशे माणसं. सगळ्यांनी आधी भाजीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. वहिनी पांढरीफटक पडली. सोळा वर्षांत तिच्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आज गणपतीसमोर, माईकवरून, लसूण! कुणीतरी भाजीचं पातेलं हुंगायला वाकलं. मागून एक बाई म्हणाल्या, ‘मला नाही येत बाई वास.’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘मला मोदकाला येतोय.’ आता मोदकाला लसणाचा वास यायला तो कुणी आणि कशासाठी घालेल? पण एकदा शंका निघाली की नाकं तिच्या मागे जातात.

तेव्हा शिरीष पाटावरून उठला आणि माईकजवळ जाऊन म्हणाला, ‘भाजीत काही नाही. वास माझ्या तोंडाला येतोय. सुनेत्राने नैवेद्य शुद्ध केलाय.’ हे त्याने इतक्या जवळून सांगितलं, की पहिल्या रांगेला पुराव्याची गरज उरली नाही.

पुढची पूजा त्याच्या जागी रुचिर नावाच्या एका पीएचडीवाल्याने केली.  घराच्या दारात आल्यावर वहिनी म्हणाली, ‘मंगळवारी डॉक्टरकडे जायचं. तुम्हाला यायचं नसेल तर मी तुमचा वास बरणीत भरून नेईन.’

इथे आधी हाउसआर्ट्स, म्हणजे ठरलेल्या फॅमिली डॉक्टरकडे जावं लागतं. त्यांच्या डॉक्टरीणबाई उंच, शांत, बोटं टायपिंगवर. पुढचं सगळं मला वहिनीने सांगितलं आहे, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा तेच.

‘काय त्रास?’

‘हे लसूण खातात आणि नाही म्हणतात,’ वहिनी म्हणाली.

‘हा डॉक्टरी त्रास नाही,’ डॉक्टर म्हणाल्या, आणि शिरीषने श्वास सोडल्यावर म्हणाल्या, ‘अच्छा.’ त्यांनी टायपिंग थांबवलं. त्याचा हात घेऊन नखं पाहिली. मान वाकवायला लावून डोक्याची टाळू पाहिली. तोंडाची चव विचारली.

‘मिस्टर खांबेटे, गोळ्या कुठल्या घेता?’

‘एकही नाही.’

‘ब्राझील नट खाता का?’

वहिनी सांगते, की त्या क्षणी शिरीषचा चेहरा पाहण्यासारखा होता. पोलिसाने नावाने हाक मारावी तसा.

‘खातो,’ तो म्हणाला.

‘दिवसाला किती?’

शिरीषने बायकोकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फुफ्फुसांच्या चित्राकडे. ‘सत्तावीस.’

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ‘एक-दोन ठीक आहेत. कधीकधी एकाच नटात दिवसभराचं सेलेनियम असतं. फार झालं की शरीर ते श्वासातून बाहेर टाकतं, आणि त्याला लसणाचाच वास येतो. नखं, केस, तोंडाची चव, सगळं त्याचंच. रक्त तपासू.’

‘पण डॉक्टर, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस? सेलेनियम तर बंब...’

‘बंब पुरेसे होते. तुम्ही आणखी पाणी ओतलंत आणि घर बुडवलंत.’ मग त्या म्हणाल्या, ‘शिवाय फार झालं की सेलेनियम स्वतःच ठिणग्या पाडायला लागतं. तुम्ही गंज काढायला गेलात, आणि गंजच वाढवत होतात. आणि सगळ्या ठिणग्या वाईटही नसतात. जंतू मारायला शरीर त्याच वापरतं.’

शिरीष हिरमुसला. वहिनी मात्र खुर्ची धरून हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘म्हणजे यांनी खरंच लसूण नाही खाल्ला!’ ती मराठीत म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना समजलं नाही तरी त्यांनी मान हलवली. नट आणून लपवल्याचा राग तिला आला, पण तो दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी तिला एवढंच दिसलं, की नवऱ्याने शब्द पाळला होता आणि दोन महिने निमूट बोलणी खाल्ली होती.

आठवड्याने रिपोर्ट आला. सेलेनियम हवं त्याच्या कितीतरी पट. नट बंद, बाकी औषध काही नाही. वाट बघा, असा सल्ला. तेव्हा वहिनीने डॉक्टरांना विचारलं, ‘हे मला लेखी मिळेल का?’

‘कशासाठी?’

‘आमच्या मंडळाला दाखवायचंय.’

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की एवढ्या वर्षांत अनेक दाखले दिले, हा पहिलाच. पण पेशंटची हरकत नव्हती, म्हणून त्यांनी दोन ओळी लिहिल्या. वहिनीने त्या मराठीत करून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या: ‘श्री. खांबेटे यांच्या तोंडाला लसणाचा वास येतो. त्यांनी लसूण खाल्लेला नाही.’ खाली सही आणि शिक्का.

ग्रुपवर दोनशे बारा माणसं. श्रीधरपंतांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि वहिनीची जाहीर क्षमा मागितली. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः येऊन गोडा मसाला घेऊन गेले. त्यानंतर सतरा जणांनी विचारलं की रोज दोन नट खाल्ले तर केस वाढतात का, आणि एकाने विचारलं की उरलेले नट शिरीष विकणार आहे का.

वास जायला पाच-सहा आठवडे लागले. योस्ट रोज सकाळी कपडे बदलायच्या खोलीत त्याचा श्वास तपासायचा आणि कागदावर दहापैकी गुण लिहायचा. ऑक्टोबरच्या शेवटी त्याने शून्य लिहून खाली सही केली, आणि शिरीष झगा घालून आत गेला. आम्ही काचेबाहेरून टाळ्या वाजवल्या. नखं हळूहळू साफ वाढून आली. केसही आले, पण पहिल्यांदा उभे. कीर्तीने पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाली, ‘बाबा, तुम्ही किवी दिसता.’

परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा नाशिकहून वहिनीच्या भावाचा, मल्हारचा, फोन आला. तो उत्साहात होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने जस्ताच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, प्रतिकारशक्तीसाठी.

शिरीषने फोन स्पीकरवर टाकला आणि खुर्ची पुढे ओढली.

‘रोज किती?’

‘एक सकाळी, एक रात्री. फार बरं वाटतंय, जिजाजी.’

‘डॉक्टरला विचारलंस?’

‘त्यात डॉक्टर कशाला?’

‘मल्हार, जस्त फार झालं की तांबं कमी पडतं. तांबं कमी पडलं की रक्त कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात. तू गोळीची बाटली घेऊन ये आणि मागे काय लिहिलंय ते मला वाच.’

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज झाला. मल्हार आकडे वाचायला लागला. शिरीष कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, आणि वहिनी मला चहा देताना हळूच म्हणाली, ‘आता हा फोन तासभर चालतो. पोहे करू का, भावजी?’